चीज, खाखरा आणि कोरा चहा : बडोद्यात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दांडिया बाजारात आमच्या बायकांची भिशी आहे. चार वर्षांपूर्वी माझा नंबर लागला तेव्हा साबुदाणा वड्यांचा घाट न घालता मी पोळपाट धुऊन पुसला, त्यावर पाच प्रकारची चीज मांडली आणि बाजूला खाखरे, पेरू, गुळांबा ठेवला. पहिली दहा मिनिटं कुणी हात लावेना. मग समोरच्या वाड्यातल्या काकूंनी सगळ्यांत पिवळा तुकडा उचलला, गुळांब्यात बुडवला आणि "सरस छे" म्हणाल्या. काकू अस्सल मराठी, पण बडोद्यात तीन पिढ्या काढल्या की दाद गुजरातीत निघते. तेव्हापासून भाजीच्या गाडीपाशी, लग्नाच्या पंगतीत, रात्री साडेदहाला फोनवर मला तेच ते प्रश्न येतात. उत्तरं एकदाची लिहून ठेवते आहे.

चीज म्हणायचं की चीझ? आणि ते चीज की ती चीज?

माझ्या आजोबांना हे विचारलं असतं तर त्यांनी "कुठल्या रागातली?" असं उलट विचारलं असतं. उस्ताद फैयाज खाँ ज्या दरबाराचे गवई होते, त्या गावात चीज म्हणजे आधी बंदिश. खायच्या वस्तूला मी 'ते चीज' म्हणते. तुम्ही काहीही म्हणा, दुकानदाराला कळतं.

पनीर आणि चीज, दोन्ही शेवटी फाटलेलं दूधच ना?

हो, पण फाडण्याची रीत वेगळी आहे आणि सगळा फरक तिथेच पडतो. पनीरसाठी दूध उकळीला आणतो आणि लिंबू पिळतो. त्या उष्णतेत आणि आंबटपणात दुधातली प्रथिनं एकमेकांना घट्ट धरतात, कॅल्शियम पाण्याबरोबर निघून जातं आणि जे उरतं ते तव्यावर कितीही तापवलं तरी वितळत नाही. चीजसाठी दूध कोमटच असतं, तीसेक अंशांवर. त्यात विरजण घालतात आणि रेनेट नावाचं द्रव्य. दूध फाटत नाही, थिजतं. पहिल्या दिवसाच्या चिकाचा खरवस जसा सुरीने कापता येतो, तसं. मग ती वडी कापून, पाणी निथळून, मीठ लावून, दाबून ठेवायची आणि वाट पाहायची. काहींसाठी दोन आठवडे, काहींसाठी दोन वर्षं. साधारण दहा लिटर गाईच्या दुधाचं एक किलो चीज होतं, त्यामुळे किंमत पाहून दुकानदारावर डोळे वटारू नका.

आपल्या शेजारीच एक अपवाद आहे. सुरतेच्या पारशांचं टोपली पनीर. नावाला पनीर, पण ते रेनेट घालून लावतात, छोट्या टोपल्यांत निथळतात आणि स्वतःच्याच खारट पाण्यात ठेवतात. बाहेरून टोपलीच्या विणीची नक्षी उमटलेली असते आणि बोट लावलं तर थरथरतं. ते मिळालं तर त्याच दिवशी खा. मऊ पाव, भरड कुटलेली मिरी, बस. त्याच्यावर चाट मसाला भुरभुरणाऱ्या एका नातेवाईकाला मी अजून माफ केलेलं नाही.

गुजरातेत दारूबंदी. मग चीजबरोबर प्यायचं काय?

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि विचारताना आवाज खाली जातो. गुजरात १९६० साली वेगळा झाला तेव्हा मुंबई राज्याचा १९४९ चा दारूबंदीचा कायदा बरोबर घेऊनच आला. परवान्याबिरवान्याचं मला विचारू नका. पण वाईन नाही म्हणून चीज अडतं, हे मला मान्य नाही.

वाईन तिथे नेमकं काय करते ते पाहा. चीजमध्ये स्निग्धांश, मीठ आणि प्रथिनं असतात. दोन-तीन तुकडे खाल्ले की जिभेवर तुपकट थर बसतो आणि चौथा तुकडा पहिल्यासारखा लागत नाही. वाईनच्या आंबटपणाने तोंडाला पाणी सुटतं. तिच्यातलं टॅनिन, म्हणजे जांभळं खाल्ल्यावर जीभ आखडते तो तुरटपणा, प्रथिनांना धरतं आणि तोंड पुन्हा कोरं होतं. म्हणजे हवंय काय, तर काहीतरी आंबट किंवा तुरट, जमल्यास गरम किंवा बुडबुड्यांचं. आपल्या स्वयंपाकघरात यातलं काय नाही?

माझं पहिलं उत्तर कोरा चहा. एकदा करून बघा. चेडरचा सुपारीएवढा तुकडा तोंडात घ्या, चावू नका, जिभेने टाळूला दाबून धरा. कडा मऊ झाल्या की घोटभर गरम कोरा चहा घ्या. चीज चहात विरघळतं, आधी खारट, मग थोडी दाण्याच्या कुटासारखी चव येते, आणि गिळल्यावर तोंडात काही चिकटून राहत नाही. आपला नेहमीचा दुधाचा चहा इथे कमी पडतो, कारण त्यातलं टॅनिन दुधाच्या प्रथिनांनी आधीच अडकवून ठेवलेलं असतं. ही माझी टूम नव्हे. खुद्द स्वित्झर्लंडमध्ये रॅक्लेट आणि फोंड्यू या वितळवलेल्या चीजच्या पदार्थांबरोबर पांढरी वाईन नाही तर गरम काळा चहा, अशी जुनी रीत आहे. थंड पाणी मात्र ते लोक टाळतात.

त्यानंतर कोकम सरबत. कोकणातल्या बहिणीकडून आगळ येतं ते मी साखर कमी आणि मीठ चिमूटभर घालून करते. फेटासारख्या खारट, भुसभुशीत चीजबरोबर ते झकास जातं. मुरलेल्या गूडाबरोबर काळी कॉफी, कारण दोन्हींत करपलेल्या साखरेची झाक असते. ब्रीबरोबर आलं-लिंबू सोडा, त्या बुडबुड्यांनी तिचा लोण्यासारखा थर उचलला जातो. उन्हाळ्यात चेडरबरोबर पन्हं, पण वेलची न घालता.

काय जमत नाही तेही सांगते. सोलकढी नाही, नारळाची स्निग्धता आणि दुधाची स्निग्धता तोंडात भांडतात. ताक बहुतेक वेळा फिकं पडतं. थंडाईचा प्रयोग एकदा केला, तो विषय संपला.

आजवर फक्त क्यूब खाल्लीय. सुरुवात कशाने करू?

गूडाने. हॉलंडमधल्या ज्या गावाच्या बाजारात ते विकलं जाई त्या गावाचं नाव त्याला मिळालं. डच माणूस त्याचा उच्चार 'खाउदा' असा घशातून करतो, आपण गूडा म्हणतो आणि दोघांचं पोट भरतं. कोवळं गूडा गोडसर असतं, मुलंही खातात. साध्या गव्हाच्या खाखऱ्यावर एक पातळ काप आणि वर लिंबाच्या गोड लोणच्याची एक फोड. हॉलंडातच लायडनकडे जिरं घातलेलं चीज करतात, त्यामुळे जिऱ्याच्या खाखऱ्याशी गूडाची जुनी ओळख आहे असं समजा. वर्ष-दीड वर्ष मुरलेलं गूडा मिळालं तर त्यात दाताखाली कचकचणारे पांढरे कण लागतील. ते मीठ किंवा खडे नाहीत, टायरोसिन नावाच्या अमिनो आम्लाचे स्फटिक आहेत. ते असणं ही चांगली खूण.

खाखरा मसाल्याचा घेऊ नका. मेथीचा चालेल, पावभाजीच्या चवीचा नको.

क्यूब आणि डब्यातलं चीज हे खरं चीज आहे का?

आहे, फक्त दुसऱ्यांदा शिजवलेलं. तयार चीज किसून, सायट्रेट किंवा फॉस्फेट जातीचे क्षार घालून गरम करतात. त्यामुळे तेल सुटत नाही, पोत एकसारखा होतो आणि मुरण्याची क्रिया थांबते, म्हणून टिकतं. ही युक्ती १९११ साली स्वित्झर्लंडमधल्या थून गावी निघाली, उष्ण देशांत चीज पाठवता यावं म्हणून. म्हणजे आपल्यासारख्यांसाठीच. पाकिटावर 'प्रोसेस्ड चीज' असं छापलेलं असतं. जिथे दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल वापरलेलं असतं ती वस्तू वेगळी, आणि गाडीवरच्या सँडविचवर किसला जाणारा डोंगर बऱ्याचदा त्याच जातीचा असतो. लेबल वाचा.

या साध्या चीजबद्दल मी नाक मुरडणार नाही. आणंद इथून तासाभराच्या वाटेवर आहे. खेडा जिल्ह्याचा दूध संघ १९४६ च्या डिसेंबरात नोंदला गेला आणि अमूल नाव घरोघर गेलं. माझ्या लहानपणी चीजचा गोल पत्र्याचा डबा यायचा. आत्या तो डबा उघडण्याच्या चावीने कडेकडेने कापायची, पालथा करायची आणि बुडावर थापटी मारायची. सप्पकन आवाज होऊन अख्खी पिवळसर चकती ताटलीत पडायची, बाजूवर डब्याच्या वळ्या उमटलेल्या. ती आम्हा पाच भावंडांना मापून काप द्यायची आणि रिकाम्या डब्यात नंतर मोहरी ठेवायची.

या चीजची माझी आवडती सोबत म्हणजे खारी बिस्किट आणि आल्याचा दुधाचा चहा. इथे कोऱ्या चहाचा हट्ट नाही, चीजच सौम्य आहे. दुसरी सोबत हिरव्या मिरचीचा ठेचा, गरम भाकरीवर, वरून क्यूब किसून.

चीज कुठलं पांढरं, कुठलं पिवळं, कुठलं केशरी का असतं?

गाय गवतातलं कॅरोटीन दुधात उतरवते, म्हणून गाईच्या दुधाचं चीज पिवळसर होतं. म्हैस उतरवत नाही, म्हणून पांढरं. खेडा आणि बडोदा जिल्हा हा सुरती म्हशीचा मूळ मुलूख, दुधात सात-आठ टक्के स्निग्धांश. केशरी रंग मात्र बाहेरून येतो, शेंद्रीच्या बियांचा. चवीत त्याने फरक पडत नाही.

चेडरबरोबर काय खावं?

भाकरी, कांदा, लोणचं. मी गंमत करत नाही. चेडर हे इंग्लंडच्या सॉमरसेटमधलं गाव. तिथे थिजलेल्या दुधाच्या वड्या कापून एकावर एक रचतात, पुन्हा पुन्हा उलटतात आणि वजनाने पाणी काढतात, त्यामुळे चीज घट्ट आणि किंचित आंबट होतं. इंग्रज ते पाव, आंबवलेला कांदा आणि गोडसर आंबट लोणच्याबरोबर खातात आणि त्याला नांगरधाऱ्याची न्याहारी म्हणतात. नाव फार जुनं वाटतं, पण ते रुजवलं १९५४ ला तिकडचं रेशनिंग संपल्यावर चीजचा खप वाढवू पाहणाऱ्यांनी, जाहिरातीतून. आपल्या शेतकऱ्याची न्याहारी कुणाला जाहिरात करून रुजवावी लागली नाही.

बाजरीची भाकरी थोडी कडक भाजा. कांदा बुक्कीने फोडा. छुंदो असेल तर चमचाभर, नसेल तर आंब्याचं लोणचं, पण तेल निथळून. चेडरचा काप जाड हवा. किसू नका, किसलं की त्याचा दाणेदारपणा जातो.

निळे डाग पडलेलं चीज बिघडलेलं असतं का?

दुकानातून तसंच आणलं असेल तर नाही. ती पेनिसिलियम नावाच्या बुरशीची एक जात मुद्दाम सोडलेली असते, आणि सुयांनी भोकं पाडतात म्हणजे आत हवा जाऊन निळ्या शिरा पसरतात. फ्रान्समधलं रॉकफोर मेंढीच्या दुधाचं, डोंगरातल्या गुहांत मुरवलेलं. आपल्याकडे मिळतं ते बहुधा गाईच्या दुधाचं. वास उग्र, मीठ भरपूर, पहिल्यांदा खाल्लं की माणूस पाण्याकडे धावतो.

पण याला गोडाची जोड द्या. इंग्रज स्टिल्टन या त्यांच्या निळ्या चीजबरोबर पोर्ट ही गोड वाईन पितात, फ्रेंच रॉकफोरबरोबर सॉतर्न ही गोड वाईन. आपण काय करायचं ते मला उत्तरायणला कळलं. गच्चीवर सगळे पतंगांत, मुलांच्या बोटांना चिकटपट्ट्या, डब्यात संक्रांतीच्या गुळपोळ्या. माझ्याकडे आदल्या आठवड्यातला निळ्या चीजचा तुकडा शिल्लक होता. गुळपोळी कडेला मोडली, कडेचा कोरडा भाग टाकून मधला, तिळाचा गूळ दिसेल असा तुकडा घेतला, त्यावर हरभऱ्याएवढं चीज ठेवलं. गूळ, भाजलेले तीळ, बेसनाचा खमंगपणा आणि त्यात ती खारट, झोंबरी निळाई. माझा भाऊ पतंगाचा मांजा सोडून आला, दोन खाल्ले, आणि तेवढ्यात त्याचा पतंग कापला गेला. त्याचा दोष तो अजून मला देतो.

संक्रांत नसेल तेव्हा काळा खजूर किंवा भिजवलेलं अंजीर. प्यायला उसाचा रस, बर्फ न घालता, लिंबू पिळून.

ब्री आणि कॅमेंबेरची पांढरी साल खायची की काढायची?

खायची. तीही बुरशीच, मखमलीसारखी. ब्री पॅरिसच्या पूर्वेकडची, कॅमेंबेर नॉर्मंडीचं. मेणाचं आवरण मात्र काढायचं, उदाहरणार्थ एडमचं लाल मेण. हे सांगावं लागतं, कारण आमच्या भिशीत एकीने ते चिवटपणे चावून संपवलं होतं.

ही चीज आतून बाहेर मऊ होत जात नाहीत, सालीकडून आत पिकतात. फार पिकलं की अमोनियाचा वास मारतो. भाच्याने एकदा पॅरिसहून कॅमेंबेर आणलं, विमान, मग मुंबईहून रात्रीची गाडी. सकाळी सासूबाईंनी त्याची बॅग उघडली आणि मेलेला उंदीर शोधायला अर्धं घर हलवलं. चीज सापडलं तोवर भाचा उठला होता. आम्ही ते खिडकीत उघडं ठेवलं, तासाभराने वास उतरला, आणि पेरूच्या फोडींबरोबर चौघांनी संपवलं. सासूबाईंनी नाही.

पेरूचं म्हणाल तर ती जोडी जगाने पारखलेली आहे. ब्राझीलमध्ये पेरूची घट्ट वडी आणि ताजं चीज एकत्र खातात. गोव्याची पेराड तीच वडी. ब्रीचा काप, पेराडचा काप, मध्ये अक्रोड.

चीज शाकाहारी असतं का? जैन शेजाऱ्यांना देऊ का?

दूध थिजवणारं रेनेट परंपरेने वासराच्या पोटातून काढत. आता बुरशीपासून केलेलं किंवा सूक्ष्मजीवांकडून बनवून घेतलेलं रेनेट सर्रास वापरतात. दुसऱ्या प्रकाराला अमेरिकेत १९९० साली परवानगी मिळाली. भारतात बनणाऱ्या चीजच्या पाकिटावर हिरवा ठिपका शोधा, तो असेल तर रेनेट प्राण्याचं नाही.

परदेशातून आलेल्यावर मात्र डोळे उघडे ठेवा. खरं इटालियन पार्मिजानो-रेजानो वासराच्या रेनेटशिवाय करताच येत नाही, तो तिथला नियमच आहे. चाकासारख्या एका चकतीला साडेपाचशे लिटर दूध, वजन चाळीसेक किलो, किमान १२ महिने मुरवण. अप्रतिम वस्तू, पण शाकाहारी नाही. इथल्या कंपन्या त्याच धर्तीचं शाकाहारी कडक चीज करतात, ते पास्त्यावर किसायला पुरे होतं. शेजाऱ्यांना देण्याआधी त्यांना विचारा, आणि पाकीट दाखवा. मी एकदा नुसतं "व्हेज आहे" म्हणाले होते, त्यांनी हसून घेतलं आणि खाल्लं नाही. पुढच्या वेळी रिकामं पाकीट बरोबर नेलं, तेव्हा खाल्लं.

उपवासाला चालतं का?

घरच्या मोठ्यांना विचारा. आमच्याकडे नाही, कारण साधं मीठ.

सेव उसळीवर चीज घालावं का?

बडोद्यात हा प्रश्न घरं फोडू शकतो. माझं मत विचारलंत तर नाही. सेव उसळीची जान तिच्या तरीत आहे. त्या लाल रस्स्यावर शेव, कांदा, पाव. त्यात चीज किसलं की तरी मुकाट्याने बसते. याला कारण आहे. मिरचीतलं तिखट द्रव्य स्निग्धांशात विरघळतं आणि दुधातलं केसीन हे प्रथिन त्याला जिभेवरून ओढून नेतं. म्हणजे चीज तिखटावरचा उतारा आहे, आणि तिखटासाठी पैसे मोजून वर उतारा घ्यायचा, हे मला पटत नाही. लहान मुलांसाठी ठीक. माझ्या मुलीचं मत नेमकं उलटं आहे आणि ती बिल भरते तेव्हा मी गप्प बसते.

मोझरेला घरी ताणलं जात नाही, पिझ्झ्यावर पाणी सुटतं. काय चुकतं?

मोझरेलाचे दोन प्रकार आहेत आणि बहुतेक गोंधळ त्यातून होतो. ताजं, पाण्यात ठेवलेलं, पांढरं, मूळ इटलीच्या कांपानिया भागातलं म्हशीच्या दुधाचं. आणि पिझ्झ्यासाठीचं कोरडं. दोन्हीत आंबवलेली वडी गरम पाण्यात घालून लवचीक होईपर्यंत ओढतात, म्हणून धागे येतात. ताजं मोझरेला पिझ्झ्यावर टाकायचं तर तासभर निथळा.

दुसरं कारण दुकान. इथल्या एका दुकानातून मी गोठवलेलं पाकीट आणलं, घरी उघडलं तर आत बर्फाचे खडे आणि किसाचा एकच गोळा. म्हणजे वाटेत वितळून पुन्हा गोठलेलं. परत न्यायला गेले तर "मॅडम, बफारा (म्हणजे उकाडा) किती आहे" हे उत्तर मिळालं. तेव्हापासून पाकीट दाबून पाहते, कीस मोकळा हलला पाहिजे.

ताज्या मोझरेलाला टोमॅटो आणि तुळशीच्या जातीची पानं लावतात. एप्रिलात टोमॅटो बेचव असतात, तेव्हा मी कोवळ्या कैरीचे कागदाएवढे पातळ काप, मीठ आणि शेंगदाण्याचं घाणीचं तेल थोडं घेते. बरोबर काही पिऊ नका, गरज लागत नाही.

फेटा कशाबरोबर?

२००२ पासून युरोपात फेटा हे नाव फक्त ग्रीसमधल्या मेंढीच्या, फार तर ३० टक्के शेळीच्या दुधाच्या चीजला लावता येतं. आपल्याकडचं बहुतेक गाईचं असतं, तरी चालतं. खारट फार वाटलं तर दहा मिनिटं साध्या पाण्यात ठेवा. उन्हाळ्यात कलिंगड किंवा टेटीबरोबर (तिला पुण्यात खरबूज म्हणतात, हे मला लग्नानंतर कळलं), वर पुदिना. हिवाळ्यात पोंकबरोबर. आपला हुरडाच, कोवळ्या ज्वारीचा. गरम पोंक, लिंबू, लसणीची शेव, त्यावर फेटा कुस्करून.

भोकं उंदरांनी पाडलेली असतात का?

(वय वर्षे सहा, शेजारचा.) नाही रे. एमेंटाल नावाच्या भोकाभोकांच्या स्विस चीजमध्ये जे जिवाणू असतात ते वायू सोडतात आणि तो चीजमध्ये अडकून फुगे होतात. गोठ्यातल्या गवताचे बारीक कण दुधात पडलेले असतात, त्यांच्याभोवती हे फुगे धरतात, असं स्विस संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवलं. दूध फार स्वच्छ गाळलं की भोकं कमी होतात.

मे महिन्यात चीज जपायचं कसं?

पुस्तकात लिहितात, खाण्याआधी तासभर बाहेर काढा. ती पुस्तकं थंड देशात लिहिलेली. बडोद्यात मेमध्ये पारा ४२-४३ ला जातो, तिथे पंधरा मिनिटं पुष्कळ, मऊ चीज असेल तर दहा.

फ्रीजमध्ये ठेवताना बटर पेपरमध्ये गुंडाळा आणि मग डब्यात ठेवा. नुसतं प्लॅस्टिक घट्ट लावलं की घाम येतो. भाजीच्या खणात ठेवा, दारात नको. कांदा आणि हिंग लांब, चीज वास ओढतं. कडक चीजवर बुरशी आली तर डागाभोवती बोटभर कापून टाका, बाकीचं खाता येतं. मऊ, किसलेलं किंवा कापलेलं असेल तर सगळं फेका, हळहळू नका. गर्भारपणात कच्च्या दुधाची आणि मऊ सालीची चीज डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नका.

दूध पचत नाही, चीज चालेल?

मुरलेल्या कडक चीजमध्ये दुधातली साखर जवळजवळ उरत नाही, काही पाण्याबरोबर जाते, उरलेली जिवाणू खातात. त्यामुळे पुष्कळांना चेडर, जुनं गूडा सोसतं. दुधाचीच ॲलर्जी असेल तर मात्र ते वेगळं प्रकरण आहे, तिथे हात लावू नका.

फोंड्यू वाईनशिवाय होतो का?

होतो. वाईनचा आंबटपणा चीजची गुठळी होऊ देत नाही, ते काम लिंबू करतं. किसलेल्या चीजला चमचाभर कॉर्नफ्लोअर चोळा, सफरचंदाचा रस आणि पाणी निम्मं निम्मं गरम करून लिंबू पिळा, मग मूठमूठ चीज घालत एकाच दिशेने न घुमवता आठाच्या आकड्यासारखं ढवळा. उकळी नको. बुडवायला शिळ्या पावाचे तुकडे, उकडलेला बटाटा, आणि आमच्या घरी कडबोळी.

आठ माणसांना किती आणि कोणत्या क्रमाने?

जेवण मागाहून असेल तर माणशी ४०-५० ग्रॅम पुरतं. एक क्यूब २५ ग्रॅमची, त्यावरून अंदाज येईल. चार प्रकार खूप झाले. सौम्यापासून उग्राकडे जा: ताजं, गूडा, चेडर, शेवटी निळं, आणि निळ्याची सुरी वेगळी. नाहीतर सगळ्यांना निळी चव लागते. खाखरे शेवटच्या क्षणी मांडा, पावसाळ्यात ते अर्ध्या तासात सादळतात. एक आंबट, एक गोड, एक कुरकुरीत, एवढं बाजूला असलं की मोकळे व्हा. द्राक्षं सगळेच ठेवतात, मला नाशिकची गोड द्राक्षं चीजपुढे पाणचट वाटतात. त्यापेक्षा करवंदं किंवा बोरं.

उरलेले तुकडे?

सगळे एकत्र किसा, निळं सोडून. थालीपिठाच्या भाजणीत कांदा, कोथिंबीर, तीळ नेहमीसारखं, मीठ मात्र निम्मं, कारण चीजचं मीठ येणार. कीस पिठात मळू नका. थालीपीठ तव्यावर थापून उलटलं की मधल्या भोकात आणि कडेने सोडा. तो वितळून तव्याला लागतो, कडेला तपकिरी जाळी धरते, ती उलथन्याने खरवडून काढायची. आमच्याकडे त्या जाळीवरून भांडणं होतात, म्हणून करणारीने ती तव्याशीच उभं राहून खाऊन टाकावी.